टकळी आणि समवाय : वर्धा शिक्षणपरिषदेतील एक विचारसूत्र

इ. स. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात, २२ व २३ या तारखांना, वर्धा येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेचा उल्लेख शिक्षणाच्या इतिहासग्रंथांतून बहुधा मूलोद्योग शिक्षणाचा उगम म्हणून केला जातो. तो यथार्थ आहे. परंतु या परिषदेपुढे जो प्रश्न खऱ्या अर्थाने मांडला गेला त्याचे स्वरूप त्याहून अधिक व्यापक होते. एखादे यंत्र किंवा साधन शाळेत आणावयाचे झाल्यास शिक्षकाचे त्याच्याशी नाते कोणते असावे, हा तो प्रश्न होय. परिषदेत मध्यवर्ती ठरलेले साधन अगदी साधे होते : एक बारीक दांडी आणि तिच्या खालच्या टोकाजवळ बसविलेली चकती, म्हणजे टकळी. साधन साधे असल्यामुळेच या प्रश्नाचे स्वरूप तेथे स्पष्टपणे दिसून येते.

या परिषदेत भाग घेणाऱ्या व पुढे तिच्या समितीवर काम करणाऱ्या व्यक्तींपैकी एकाचा जन्म आजच्या रायगड, म्हणजे इ. स. १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातला. पेण तालुक्यातील गागोदे या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे जन्मले. वडील बडोद्यास नोकरीला असत व त्यांना वस्त्रविद्येचे आधुनिक ज्ञान होते. बालपणीची काही वर्षे कोकणात काढून विनायक बडोद्यास गेले, इ. स. १९१६ मध्ये गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले आणि इ. स. १९२१ मध्ये वर्ध्याच्या आश्रमाची धुरा घेऊन विदर्भात आले. वर्ध्याजवळील नालवाडी येथे त्यांनी कताईवर दीर्घकाळ प्रयोग केले आणि सूतकताईच्या मजुरीवर माणसाचा निर्वाह होतो किंवा नाही, हे स्वतःच्या देहावर पडताळून पाहिले. म्हणजे विनोबा परिषदेत आले ते हाती टकळी घेऊन अनेक वर्षे काम केलेले शिक्षक म्हणून. त्यांचे वेगळेपण प्रथम लक्षात घेतले पाहिजे ते यासाठी.

परिषदेचे अध्यक्षस्थान गांधीजींकडे होते. मुलाचे शिक्षण एखाद्या उपयुक्त हस्तोद्योगापासून सुरू व्हावे, हा विचार त्यांनी त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात ‘हरिजन’ पत्रातून मांडला होता. टकळीच्या निमित्ताने कापसाच्या जाती, देशातील वस्त्रोद्योगाचा इतिहास व अंकगणित ही सारी मुलाला शिकविता येतील, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर आक्षेपही आले. जामिया मिलियाचे झाकिर हुसेन यांनी कामातून शिक्षण ही कल्पना सर्वस्वी नवी नसल्याचे दाखवून पाश्चात्त्य शिक्षणशास्त्रातील प्रकल्पपद्धतीकडे लक्ष वेधले. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांना शाळेतील मुलांनी तयार केलेला माल गावच्या कारागिराशी स्पर्धा करील अशी भीती वाटली. तरीही परिषदेने चार ठराव संमत केले : सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यास आणि शिक्षकाच्या वेतनाचा भार या पद्धतीतून क्रमाक्रमाने उचलला जाण्याची अपेक्षा.

झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल सादर केला. विनोबा या समितीचे सदस्य होते. साडेपाच तासांच्या शालेय दिवसापैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगास, तर मातृभाषेस ४० मिनिटे, अशी विभागणी अहवालात आहे. शिक्षकांसाठी तीन वर्षांचा दीर्घ आणि एक वर्षाचा अल्प असे दोन प्रशिक्षणक्रम त्यात सुचविले आहेत. उत्पन्नाच्या हव्यासापायी शिक्षणाचा सांस्कृतिक हेतू मागे पडण्याचा धोकाही अहवालाने स्वतःच नोंदविला आहे.

उद्योग आणि ज्ञानविषय यांच्यातील संबंधाला नयी तालीमच्या लिखाणात पुढे ‘समवाय’ ही संज्ञा रूढ झाली. ही संज्ञा न्यायवैशेषिक दर्शनातील आहे, आणि तिची निवड विचार करण्याजोगी आहे. वैशेषिक मतानुसार दोन वस्तूंचा एकत्र येण्याचा संबंध दोन प्रकारचा असतो. भूमीवर घट ठेवला असता होतो तो संयोग. घट उचलला की संबंध संपतो आणि दोन्ही वस्तू पूर्ववत राहतात. तंतू आणि पट यांचा संबंध मात्र समवाय होय. तंतू काढून घेतले तर पट उरतच नाही. दर्शनकारांचे हे नित्याचे उदाहरण सुताचेच असावे आणि त्याच संज्ञेने सूतकताईच्या शाळेचे वर्णन व्हावे, यात शब्दाचे औचित्य साधले आहे.

हा भेद वर्गात कसा दिसतो? त्या काळच्या खादीच्या मोजणीत चार फूट लांबीचा एक ‘तार’, १६० तारांची एक लटी आणि चार लटींची एक गुंडी धरीत. म्हणजे एका गुंडीत ६४० तार, २५६० फूट, अर्थात सुमारे ८५३ वार सूत. सुताचा अंक काढण्यासाठी लांबी आणि वजन यांचे प्रमाण लावावे लागते. येथे गुणाकार व त्रैराशिक बाहेरून आणलेले नाहीत. त्यांच्यावाचून कातणाऱ्यास स्वतःचे काम मोजताच येणार नाही. हा समवाय झाला. उलट, टकळी खाली ठेवून कापसाच्या नावाने दूरदेशीच्या नद्यांची यादी पाठ करवून घेतली तर तो केवळ संयोग होय.

दोहोंतील फरक ओळखण्याचे काम अर्थातच शिक्षकाचे. ज्याने सूत काततानाच त्यातील गणित अनुभवले आहे त्यास तो सहज उमगतो. अल्प मुदतीच्या वर्गात केवळ टकळी फिरविण्यास शिकलेल्यास तो उमगणे कठीण. विनोबांना जे ज्ञान अनेक वर्षांच्या साधनेने मिळाले, ते वर्षभरात सहस्रावधी शिक्षकांच्या हाती देण्याचा हा प्रयत्न होता. या योजनेतील खरी अडचण येथे आहे. साधनाच्या जुनेपणात ती नाही.

स्थळाचाही विचार आवश्यक आहे. वर्धा हा कापसाचा प्रदेश. विनोबांची जन्मभूमी भाताची, आणि तिच्या पश्चिमेस खाड्या, मिठागरे व कोळीवाडे. स्थानिक परिस्थितीस अनुकूल असा अन्य उद्योग निवडण्याची मुभा अहवालाने ठेवली होती. अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर त्या तत्त्वाचा अर्थ कसा लागला असता, हे एका उदाहरणाने दाखविता येईल. तिथीची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते, हा आडाखा कोकण किनाऱ्यावर परिचित आहे. अष्टमीस सहाच्या सुमारास, पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास भरती. या एका आडाख्यात अपूर्णांकांचा गुणाकार आहे, चंद्राची गती आहे, आणि होडी केव्हा लोटावी किंवा मिठागराची उघाडी केव्हा उघडावी याचा निर्णयही आहे. कोळ्याच्या मुलास तो घरी ऐकू येतो. शाळेतील शिक्षकाने तो कामाच्या संदर्भात समजून घेतला असेल तरच पुस्तकातला अपूर्णांक आणि खाडीचे पाणी यांचा समवाय घडतो.

पुढील इतिहास संक्षेपाने सांगता येतो. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने या योजनेतील पहिली तीन तत्त्वे स्वीकारली. स्वावलंबनाचे चौथे तत्त्व मात्र बाजूस राहिले. इ. स. १९३९ च्या अखेरीस प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर कामाचा वेग मंदावला. इ. स. १९६६ मध्ये कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ ही कल्पना मांडली. महाराष्ट्राच्या शाळांत तो कालांतराने स्वतंत्र तासिकेचा विषय झाला. पूर्वीच्या परिभाषेत बोलावयाचे तर समवायाच्या जागी पुन्हा संयोग आला.

त्यानंतर साधने पालटत गेली. इ. स. १९७५-७६ च्या उपग्रह दूरदर्शन प्रयोगात सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले, आणि इ. स. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे संगणकीय व्यासपीठ शिक्षकांसाठी खुले झाले. तंत्रज्ञान आणि शिक्षक-प्रशिक्षण या विषयावर आज भरणाऱ्या परिषदांत साधनांची संख्या, वेग व व्याप्ती यांची चर्चा विस्ताराने होते. वर्ध्याच्या परिषदेचा वारसा सांगणाऱ्या अभ्यासकाने त्या चर्चेत आणखी एक कसोटी ठेवावयास हवी : साधन वर्गातून उचलून नेले असता पाठ जसाच्या तसा उरतो काय? उरत असेल, तर त्या साधनाचा आणि त्या पाठाचा संबंध घट आणि भूमी यांच्याइतकाच होता, असे म्हणावे लागेल.