चार मैलांच्या पथाऱ्या

आधी कपडे बदला. करड्या रंगाचा हा जाड लोकरी झगा घाला. तुमच्या मापाचा नाही, घोळ जमिनीवर लोळतोय, पण दुसरा मिळणार नाही. एका हातानं घोळ उचला, दुसऱ्या हातात पट्ट्यांचं गाठोडं घ्या आणि चला.

नोव्हेंबर 1854. बॉस्फरसच्या आशियाई काठावर, टेकडीवरच्या स्कुटारीच्या बराकीत तुम्ही आलात. या बराकीचंच आता रुग्णालय झालंय. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंबरोबर आलेल्या 38 जणींमध्ये आणखी एक, तुम्ही. दारातच भपकारा येतो: तुंबलेले संडास, सडलेल्या जखमा, ओलं गवत. बाहीनं नाक दाबावंसं वाटेल, पण हात रिकामा कुठाय?

समोर बघा. लांबच लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना जखमी शिपाई. साऱ्या पथाऱ्या एकापुढे एक धरल्या तर जवळपास चार मैल भरतात. दोन पथाऱ्यांमध्ये दीड फूटही अंतर नाही. पाऊल आडवं टाका, झगा सांभाळा. खाली फुटक्या फरश्या आहेत, ठेच लागेल.

आता वाका. बहुतेक पथाऱ्या जमिनीवरच आहेत. गुडघे टेका, चिकटलेली पट्टी ओली करा, हळूहळू सोडवा. शिपाई दात-ओठ खातो, तुमचं मनगट घट्ट धरतो. पट्टी बांधा, उठा, अर्धं पाऊल सरका, पुन्हा गुडघे टेका. कंबर आधी कुरकुरते, मग ठणकते, मग बधिर होते. पोटऱ्यांत गोळे येतात. कुणी पाणी मागतो, कुणी आईला हाक मारतो. टेकायला स्टूल शोधू नका, इथं नाहीच.

जेवणाचं ऐका. मोठमोठ्या हंड्यांत मांस शिजतं ते इमारतीच्या एका टोकाला. तिथून सगळ्यांना वाढेपर्यंत तासन्‌तास जातात, आणि हातात पडतं ते गार झालेलं. म्हणून बाईंनी वॉर्डांजवळ वेगळ्या चुली मांडल्या. तिथल्या गरम अरारूटची वाटी तुमच्या हातात येते, तेव्हा दुखऱ्या टाचांनाही कळतं की चूल कुठं मांडायची हा किती मोठा प्रश्न आहे.

रात्री आठनंतर परिचारिकांना वॉर्डात थांबायची मुभा नाही. तुम्ही बुरुजातल्या गर्दीच्या खोलीत बूट ओढून काढता. पाय सुजून टम्म झालेत. बाई मात्र कंदील घेऊन पुन्हा फेरीला निघतात.

पायांचं हे दुखणं त्यांना नवं नव्हतं. इथं येण्याच्या सुमारे दीड वर्ष आधी लंडनमधल्या एका लहान रुग्णालयासाठी त्यांनी मागण्या मांडल्या होत्या: प्रत्येक मजल्यावर नळानं गरम पाणी, जेवण वर खेचायला रहाट, आणि कुणी घंटी वाजवली ते एका नजरेत दिसावं अशी खूण. ही सोय नसेल तर परिचारिकेचे नुसते दोन पाय उरतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या दोन पायांवर आज तुम्ही उभं राहिलात. नळ, स्टूल, औषधांचं कपाट दहा पावलं जवळ आलं, तर ती दहा पावलं रुग्णाच्या वाट्याला जातात. म्हणून नव्या वॉर्डाचा नकाशा काढणाऱ्यानं पेन्सिल उचलण्याआधी नर्सबरोबर एक पूर्ण पाळी चालावी.