पोळ्याचा नैवेद्य आणि बैलाचे पोट

नागपूर–इटारसी लोहमार्गावरील तिगाव हे मध्य प्रदेशातील गाव असले, तरी तेथील सण आणि स्वयंपाक नागपूरच्या बाजूचे आहेत. छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. संत्री, कापूस आणि मराठी बोलणारा शेतकरी ही या पट्ट्याची ओळख. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीमुळे या भागाचे नाव दरवर्षी वृत्तपत्रांत येते. प्रत्यक्ष पोळ्याविषयी, म्हणजे श्रावण अमावास्येला बैलाला जे खाऊ घातले जाते त्याविषयी, मात्र फारसे लिहिले जात नाही.

आदल्या दिवशी बैलाची खांदमळणी होते. जू वाहून कठीण झालेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. सणाच्या दिवशी अंघोळ, झूल, बेगड, घुंगरमाळा. मग तोरणाखाली पोळा फुटतो आणि बैल घरोघर ओवाळणीसाठी फिरू लागतो. धोका सुरू होतो तो येथे. घरची एक पुरणपोळी हा नैवेद्य झाला. पण पंधरा घरांच्या पंधरा पोळ्या, त्यावर शिजवलेली ज्वारी, भिजवलेली डाळ, गूळ आणि उरलेला भात असे एका संध्याकाळी पोटात गेले, तर तो बैलासाठी निराळाच आहार होतो. प्रत्येक घर आपण दिलेला घासच मोजते. बेरीज कोणीच करत नाही.

बैलाच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठे कोटीपोट हे खरे तर आंबवण्याचे पिंप आहे. तेथे असंख्य सूक्ष्मजीव कडबा आणि गवत यांतील चिवट तंतू सावकाश कुजवतात व त्यांतून बैलाला शक्ती मिळते. निरोगी जनावरात या पोटाचा सामू साधारण सहा ते सात असतो. रवंथ करताना लाळ सतत पोटात उतरते आणि आम्ल तयार होईल तसे ते शमवते. कडबा चघळावा लागतो म्हणून लाळ भरपूर सुटते. मऊ पोळी न चावताच गिळली जाते. शिजलेले पीठ आणि गूळ मिळताच तंतू कुजवणारे जीव मागे पडतात, पिष्ट व साखर खाणारे झपाट्याने वाढतात आणि लॅक्टिक आम्ल साचते. सामू पाचाच्या खाली गेला की पोटाची हालचाल थांबते. शरीरातील पाणी पोटात ओढले जाते आणि आम्ल रक्तात उतरते. यालाच आम्लधर्मी अपचन म्हणतात. पुरणात विष नसते, दोष प्रमाणाचा आणि अनोळखीपणाचा आहे. रोज थोडा भरडा खाणारा बैल जे पचवील, ते वर्षभर कडब्यावर राहिलेल्याला झेपेलच असे नाही. म्हणून ‘इतक्या पोळ्या चालतात’ असा सरसकट आकडा देणे मला योग्य वाटत नाही.

लक्षणे बहुधा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दिसतात. बैल वैरण सोडतो, रवंथ थांबते, डावी कूस भरलेली दिसते आणि दाबल्यास आत पाणी हिंदकळल्यासारखे वाटते. पातळ, आंबट वासाचे शेण पडते, डोळे खोल जातात, चाल डळमळते. बैल खाली बसून उठेनासा झाला, तर एक-दोन दिवसांत दगावू शकतो. सणाचा थकवा समजून सकाळपर्यंत वाट पाहणे हीच येथे सर्वांत महागात पडणारी गोष्ट. पोटफुगीचे चित्र थोडे वेगळे असते. तिच्यात डावी कूस ढोलासारखी ताणली जाते आणि श्वास लागतो. तीही तातडीचीच बाब आहे.

अशा वेळी उरलेले धान्य व गोड पदार्थ ताबडतोब दूर करावेत, कोरडा कडबा समोर ठेवावा आणि पशुवैद्यकाला बोलवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. खाण्याचा सोडा हा उपचारांतील एक भाग खरा, पण किती आणि कसा द्यायचा हे वैद्यकानेच ठरवावे. जीभ धरून घशात नळकांड्याने काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत गेल्यास फुफ्फुसाचा दाह होतो, आणि मलूल जनावरात हा धोका अधिक असतो.

प्रथा मोडण्याची गरज नाही. सकाळी भरपूर वैरण खाऊ घालून मगच बैल बाहेर काढावा. पोळीचा घास घरच्यांनी द्यावा. इतरांनी ओवाळून त्याच्या मालकाच्या हाती शिधा द्यावा. गवळाऊ ही या भागातली पांढरी, चपळ बैलांची जात. असा बैल घेण्यास किती खर्च येतो हे ज्याला ठाऊक आहे, तो शेजाऱ्याला नाही म्हणायला लाजणार नाही.

स्वयंपाकघरातील इतर पदार्थांपैकी कांदा विशेष लक्षात ठेवावा. भाव पडल्यावर ढिगाने टाकलेला कांदा जनावरांनी खाल्ला तर रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळसर लाल होते. पाळीव जनावरांत गाय-बैल याला सर्वाधिक बळी पडतात. हिरवे पडलेले किंवा मोड आलेले बटाटे विषारी असतात, आणि चांगला बटाटाही अख्खा दिल्यास घशात अडकतो. लहान अख्ख्या संत्र्याचेही तसेच. फोडी आणि थोडी साल चालते. वाळवलेला संत्र्याचा चोथा इतर देशांत पशुखाद्य म्हणून वापरतातच. बागेखालची सडलेली, बुरशी धरलेली किंवा फवारणी ताजी असलेली फळे मात्र नकोत. बुरशीच्या भाकरीचा व भुईमुगाचा दोष दुभत्या गाईत दुहेरी असतो, कारण बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष रूपांतरित होऊन दुधात उतरते.

गोव्यात पोळा नसला तरी दिवाळीच्या पाडव्याला गोरवांना ओवाळून तांदळाचे पोळे आणि गूळ खाऊ घालतात. तांदूळ हेही पिष्टच, त्यामुळे वरील सारे तेथेही लागू पडते. चतुर्थी किंवा लग्नानंतर उरलेला भात व गोड पदार्थ रस्त्यावर ओतले जातात, तेव्हा मोकाट गुरे तो ढीग एका बैठकीत संपवतात. त्यातच पिशवीसकट टाकलेले अन्न असले तर प्लास्टिकही पोटात जाते. ते कुजत नाही, शेणावाटे बाहेर पडत नाही, वर्षानुवर्षे साठत राहते; आणि बहुधा शस्त्रक्रियेनेच काढावे लागते.