मरणाऱ्या बाईचा शब्द

हेनिंग मान्केल यांची १९९१ सालची कादंबरी आम्ही स्टीव्हन मरे यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचली. ‘चेहरा नसलेले मारेकरी’ असे तिच्या नावाचे मराठी करता येईल. रहस्यकथेला वाङ्मयेतिहासात तळटीपेपुरती जागा देण्याची आपली सवय येथे उपयोगाची नाही. स्वीडनच्या एका अस्वस्थ कालखंडाचे दर्शन या कादंबरीत घडते.

स्थळ आहे यिस्टाड. स्वीडनच्या दक्षिण टोकाला, बाल्टिक किनाऱ्यावरचे लहानसे बंदर. येथून पोलंडला बोटी जातात. काळ जानेवारी १९९०. जवळच्या खेड्यात एका वृद्ध शेतकरी दांपत्यावर रात्री अमानुष हल्ला होतो. नवरा जागीच मरतो. बायको इस्पितळात प्राण सोडण्यापूर्वी एकच शब्द उच्चारते : ‘परदेशी’. (तबेल्यातल्या घोडीला मात्र मारेकऱ्यांनी वैरण घातलेली असते! हा तपशील आमच्या मनातून अजून गेलेला नाही.) इन्स्पेक्टर वॉलँडर तो शब्द दडवून ठेवू पाहतो, पण तो वृत्तमाध्यमांपर्यंत पोहोचतो, आणि निर्वासितांची छावणी पेटते. पुढे एका निरपराध सोमाली निर्वासिताची गोळी घालून हत्या होते.

हे सारे लेखकाने हवेतून आणलेले नाही. यिस्टाडच्या उत्तरेला, फार दूर नसलेल्या शोबू या गावाने सप्टेंबर १९८८ मध्ये निर्वासितांना जागा द्यावी की नाही यावर सार्वमत घेतले आणि मोठ्या बहुमताने नकार दिला. पुढच्याच वर्षी, १३ डिसेंबर १९८९ रोजी, सरकारने आश्रयाचे नियम कडक केले. कथेतला खून त्यानंतर महिन्याभराने होतो. देश हे सर्वांचे घर असावे, ही पेर आल्बिन हान्सन यांनी १९२८ मध्ये मांडलेली कल्पना स्वीडिश कल्याणकारी राज्याचा पाया मानली जाते. पण या घरात ‘सर्व’ म्हणजे नेमके कोण? माय शोवाल आणि पेर वालो या जोडीने १९६५ ते १९७५ या काळात लिहिलेल्या दहा कादंबऱ्यांत पोलीसकथेच्या मिषाने याच राज्याची झाडाझडती घेतली होती. मान्केल यांचा वारसा तोच. आफ्रिकेत दीर्घ काळ राहून परतल्यावर मायदेशातला वंशद्वेष त्यांना प्रकर्षाने जाणवला, आणि त्यातूनच वॉलँडर जन्माला आला.

कादंबरीचा शेवट सांगितल्याशिवाय आमचा मुद्दा पुढे जात नाही. ज्यांना वाचायची आहे त्यांनी येथेच थांबावे. मारेकरी खरोखरच परदेशी निघतात. लेखकाला सोपी वाट मोकळी होती : खुनी गावातलाच दाखवायचा आणि वाचकाला सद्भावनेचे समाधान द्यायचे. मान्केल यांनी ती नाकारली, आणि आमच्या मते कादंबरीचे मोठेपण येथे आहे. मरणाऱ्या बाईचा शब्द खरा ठरतो, तरीही छावणी जाळणाऱ्यांचा आणि सोमाली माणसाला मारणाऱ्यांचा गुन्हा तसूभर कमी होत नाही. वॉलँडरला स्वतःलाही हा गुंता सुटत नाही. त्याच्याही मनात निर्वासितांविषयी संशय आहेच.

कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, स्टॉकहोममध्ये एका माणसाने स्थलांतरितांवर गोळ्या झाडायला सुरुवात केली. जानेवारी १९९२ पर्यंत अकरा जण त्याच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांतला एक दगावला. जून १९९२ मध्ये तो पकडला गेला. त्याचे आईवडील स्वित्झर्लंड आणि जर्मनीतून स्वीडनला आलेले होते.