तांबड्या चौकटीतले औषध

औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांच्या पट्टीवर मागल्या बाजूला काय छापलेले असते, हे आपण सहसा वाचत नाही. लिव्होफ्लॉक्सॅसिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या गोळ्यांच्या वेष्टनावर तांबड्या रेषेची एक चौकट असते. वैद्यकीय सल्ल्याविना हे औषध घेणे धोक्याचे आहे आणि चिठ्ठीविना ते विकू नये, असे तीत बजावलेले असते. केंद्र सरकारने २०१३ साली औषधनियमांत ‘एच-१’ नावाची अनुसूची घातली, ती मार्च २०१४ पासून अमलात आली आणि तिच्याबरोबर ही चौकट आली. चिठ्ठी देणारा डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग यांची वेगळी नोंदवही दुकानदाराने ठेवावी व ती तीन वर्षे जपावी, असाही नियम झाला. साध्या खोकल्यावर सर्रास खपणाऱ्या गोळीभोवती एवढा बंदोबस्त का करावा लागला, ही हकिगत अर्धशतकाहून मोठी आहे.

तिचा आरंभ हिवतापाच्या औषधापासून होतो. अमेरिकेतील स्टर्लिंग-विन्थ्रॉप या कंपनीच्या प्रयोगशाळेत क्लोरोक्विन तयार करताना एक अनाहूत पदार्थ हाती आला. त्याच्या अंगी जंतू मारण्याचा गुण दिसला, आणि त्यावर काम करून जॉर्ज लेशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली नॅलिडिक्सिक ॲसिड जगापुढे ठेवले. ही कथा इतकी सुबक आहे की ती पुस्तकांतून वर्षानुवर्षे तशीच उतरत गेली. अलीकडे एका रसायनतज्ज्ञाने जुनी पेटंटे चाळून दाखवले की त्याच सुमारास एक ब्रिटिश कंपनीही याच वाटेवर होती. ते काही असो, हे पहिले औषध मूत्रमार्गाच्या विकारापुरतेच उपयोगी पडले. छातीच्या आजाराशी त्याचा संबंध आला नाही.

तो संबंध जपानने जोडला. क्योरिन कंपनीच्या संशोधकांनी मूळ रेणूवर फ्लोरिनचा एक अणू बसवला, शेजारी पायपराझीन नावाचे कडे जोडले आणि नॉरफ्लॉक्सॅसिन सिद्ध झाले. त्याचा वृत्तांत १९८० साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच, १९७६ मध्ये, जंतूच्या डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या ‘गायरेज’ या विकराचा शोध लागला होता, आणि ही औषधे नेमकी त्यालाच अडवतात हे ध्यानी आले. मग बायरचे सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले. अमेरिकेत त्याला १९८७ साली परवानगी मिळाली. जपानच्या दाइइची कंपनीने ऑफ्लॉक्सॅसिन काढले. त्यात एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असावीत असे दोन रेणू मिसळलेले होते. त्यांतला गुणकारी तेवढा निवडून घेतला, तेच लिव्होफ्लॉक्सॅसिन. ते १९९३ साली जपानात आणि १९९६ अखेर अमेरिकेत आले. न्यूमोनियाच्या नेहमीच्या जंतूवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा जोर तोकडा पडे. लिव्होफ्लॉक्सॅसिन व त्यामागून १९९९ मध्ये आलेले मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांचा पुरा पडे. दिवसातून एकदा घ्यायची गोळी, इंजेक्शनाची कटकट नाही, रक्तात जवळजवळ पूर्ण उतरते. डॉक्टरांना ती आवडली यात नवल ते काय!

आपल्याकडे तिचा प्रसार झपाट्याने झाला, त्याला १९७० चा पेटंट कायदा कारण होता. त्या कायद्यात औषधाला पेटंट मिळत नसे, ते बनवण्याच्या कृतीला मिळे. २००५ पर्यंत हे चालले. निराळी कृती शोधून आपल्या कारखान्यांनी ही औषधे अल्प किमतीत बाजारात आणली. आमच्या हैदराबादकर वाचकांना पाटणचेरूची औद्योगिक वसाहत सांगायला नको. तेथील सुमारे नव्वद औषध-कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी स्वीडनच्या संशोधकांनी तपासले. त्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. रोग्याच्या रक्तातही इतके कधी नसते.

या कुळातल्या औषधांचे अवगुण मात्र प्रयोगशाळेत कमी आणि बाजारात आल्यावर जास्त कळले, ही या इतिहासातली खेदाची बाब. टेमाफ्लॉक्सॅसिन १९९२ च्या आरंभी अमेरिकेत विक्रीस आले आणि रक्तपेशी फुटणे व मूत्रपिंड निकामी होणे अशा तक्रारींमुळे जूनमध्ये मागे घेतले गेले. ट्रोव्हाफ्लॉक्सॅसिनने यकृताला इजा केली. १९९९ साली ते अमेरिकेत केवळ रुग्णालयांतील गंभीर रोग्यांपुरते राखले गेले. त्याच वर्षी ग्रेपाफ्लॉक्सॅसिन हृदयाच्या ठोक्यांत बिघाड करते म्हणून गेले. गॅटिफ्लॉक्सॅसिनने वृद्धांच्या रक्तातील साखर कधी फार खाली तर कधी फार वर नेली. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या नोंदींवरून २००६ मध्ये हे दाखवून देण्यात आले आणि मूळ कंपनीने ते आवरते घेतले. भारतात त्याच्या गोळ्या व इंजेक्शने यांवर बंदी आली मार्च २०११ मध्ये. मधली पाच वर्षे ते आपल्या दुकानांत होतेच.

जी औषधे टिकली तीही निर्दोष नव्हती. स्नायू हाडाला बांधणारी जी दोरी, म्हणजे कंडरा, ती दुखावल्याची पहिली वार्ता १९८३ साली न्यूझीलंडमधून आली होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला तो २००८ साली. एका साध्या निरीक्षणाला पंचवीस वर्षे लागली! टाचेमागची कंडरा सर्वांत आधी धरते. साठीपुढच्या आणि सोबत स्टिरॉइड घेणाऱ्या माणसाला धोका अधिक. दम्याच्या रोग्याला स्टिरॉइड वारंवार दिले जाते, हे येथे ध्यानात घ्यावे. पुढे मज्जातंतूंची बधिरता, स्नायूंच्या विशिष्ट दौर्बल्यात भर, मनाचा गोंधळ, महारोहिणी फुगून फाटणे अशी भर पडत गेली. अखेर २०१६ मध्ये त्याच प्रशासनाने स्पष्ट सांगितले की सायनसची सूज, जुनाट ब्राँकायटिसचा एकाएकी वाढलेला जोर आणि मूत्रमार्गाचा साधा संसर्ग यांत दुसरा उपाय असेल तर हे औषध देऊ नये, कारण लाभापेक्षा धोका जड होतो. युरोपने २०१८-१९ मध्ये असाच निर्णय घेतला आणि त्यात कुळाचा मूळपुरुष नॅलिडिक्सिक ॲसिडही तेथून हद्दपार झाला.

याचा अर्थ हे औषध टाकाऊ आहे असा नव्हे. पेनिसिलिन न सोसणाऱ्या रोग्याचा न्यूमोनिया, लिजिओनेला जंतूचा न्यूमोनिया, श्वासावाटे शिरलेला अँथ्रॅक्स, येथे ते प्राण वाचवते. मात्र घेताना काही पथ्ये आहेत. आम्लपित्ताची औषधे, लोह वा कॅल्शियमच्या गोळ्या यांच्यासंगे घेतल्यास ते पोटातच बांधले जाते, म्हणून किमान दोन तासांचे अंतर हवे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि दम्यावरचे थिओफिलिन एकत्र आले तर थिओफिलिन रक्तात साचून झटके येऊ शकतात. मूत्रपिंड मंदावले असेल तर लिव्होफ्लॉक्सॅसिनची मात्रा कमी करावी लागते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरला सांगावे. टाच दुखू लागली तर गोळी तेथेच थांबवून त्याला गाठावे.

आणि तरीही आमच्या लेखी सर्वांत मोठा धोका यांपैकी कोणताच नाही. तो क्षयाचा आहे. ही औषधे क्षयजंतूलाही मारतात, हे जपानात १९८५ च्या सुमारासच दिसून आले होते. म्हणूनच क्षयाच्या खोकल्यावर न्यूमोनिया समजून ही गोळी दिली की आठवडाभर बरे वाटते, ताप उतरतो, थुंकीत जंतू सापडेनासे होतात आणि निदान लांबते. अमेरिकेतील बाल्टिमोरमध्ये याचा मागोवा घेण्यात आला. २००२ साली त्याचे निष्कर्ष छापले गेले. ज्यांना आधी हे औषध मिळाले त्यांचा क्षयावरचा उपचार सुरू व्हायला मध्यमानाने एकवीस दिवस लागले, इतरांना पाच. बाल्टिमोरमध्ये क्षय विरळ. आपल्याकडे तो दर गल्लीत. शिवाय एकट्याने दिलेल्या या औषधाला तोंड देता देता क्षयजंतू निर्ढावतो. सरकारने २०१४ ते २०१६ या काळात देशभर केलेल्या पाहणीत, बहुऔषधरोधी क्षयाच्या दर शंभर रोग्यांमागे सुमारे बावीस जणांचा जंतू फ्लुरोक्विनोलोनलाही दाद देत नव्हता. आमच्याच घरी कपाट आवरताना अर्धी वापरलेली अशी एक पट्टी निघाली. कोणाच्या कोणत्या खोकल्याची, ते कोणालाच आठवेना.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली क्षयाच्या व्याख्या बदलल्या. रिफाम्पिसिनला न जुमानणारा जंतू फ्लुरोक्विनोलोनलाही जुमानत नसेल, तर तो रोगी अतिरोधी क्षयाच्या उंबरठ्यावर आहे असे धरले जाऊ लागले. अशा हट्टी क्षयावर पूर्वी दीड-दोन वर्षे औषधे घ्यावी लागत. आता चार औषधांचा सहा महिन्यांचा क्रम आहे, त्याला ‘बीपाम’ म्हणतात. संघटनेने २०२२ मध्ये तो सुचवला आणि भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये स्वीकारला. त्याच्या नावातले शेवटचे अक्षर मॉक्सिफ्लॉक्सॅसिनचे. जंतू आधीच त्याला सरावलेला निघाला तर ते अक्षर गळते आणि रोग्याला उरलेल्या तीन औषधांवरच निभावून न्यावे लागते.