मुंबईतील वीजपुरवठ्याचे परवाने आणि ग्राहकाचा निवडीचा हक्क

एकाच रस्त्यावरील दोन शेजाऱ्यांनी दोन निरनिराळ्या कंपन्यांकडून वीज घ्यावी, ही गोष्ट भारतातील बहुतेक शहरांत आजही अपरिचित आहे. मुंबई हा या नियमाचा ठळक अपवाद होय. हा अपवाद कोणत्याही आर्थिक सुधारणेच्या योजनेतून आरंभी निर्माण झालेला नाही. तो जुन्या परवान्यांतील शब्दरचनेतून, त्या शब्दांवरील वादातून आणि न्यायालयाने केलेल्या त्यांच्या अर्थनिर्णयातून निर्माण झाला. हे परवाने आणि त्यांच्यामागील कायदे यांच्या आधारे किरकोळ वीजविक्रीतील स्पर्धेचा इतिहास तपासावा, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुंबईच्या वीजव्यवस्थेची घडण प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. १९०५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीकडे शहराच्या दक्षिण भागातील वितरण आले. १९४७ मध्ये ही कंपनी महानगरपालिकेच्या मालकीची होऊन तिला आजचे ‘बेस्ट’ उपक्रमाचे रूप मिळाले. उपनगरांत १९२९ साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी निघाली. या दोहोंच्या मागे टाटांचा जलविद्युत् समूह उभा होता. १९०७ च्या परवान्यानंतर १९१५ मध्ये खोपोलीचे, १९२२ मध्ये भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. टाटांनी सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज निर्माण करावी व ती गिरण्यांना, रेल्वेला आणि वितरक कंपन्यांना विकावी, घरोघरी दिवा मात्र वितरकांनी लावावा, अशी ही श्रमविभागणी दीर्घ काळ चालली. व्यवहार इतका दृढ होता की तो म्हणजेच कायदा, अशी समजूत होऊन बसली.

वस्तुतः कायदा निराळे सांगत होता. १९१० च्या भारतीय विद्युत् अधिनियमाने एखाद्या क्षेत्राचा परवाना एकास दिला म्हणून त्याच क्षेत्राचा परवाना दुसऱ्यास देण्यास बाध येत नाही, असे कलम ३ मध्येच म्हटले होते. म्हणजे मक्तेदारी हा या कायद्याचा पाया कधीच नव्हता. त्याच अधिनियमाच्या कलम २२ ने क्षेत्रातील प्रत्येकास, समान परिस्थितीत इतरांस मिळतात त्याच अटींवर, पुरवठा मागण्याचा हक्क दिला. कलम २३ ने परवानाधारकास एखाद्या व्यक्तीस गैरवाजवी झुकते माप देण्याची मनाई केली. पुढे १९४८ च्या विद्युत् (पुरवठा) अधिनियमाच्या सहाव्या परिशिष्टाने परवानाधारकाच्या नफ्यास ‘वाजवी परतावा’ ही मर्यादा घातली. पुरवठ्याच्या अटी मात्र परवानाधारकानेच तयार कराव्यात व राज्य शासनाने त्यांस मान्यता द्यावी, अशी रीत होती. सारांश, ग्राहकास समतेचा हक्क होता. परंतु नियमपुस्तक विक्रेत्याच्या हाती होते.

ही स्थिती २००३ च्या विद्युत् अधिनियमाने पालटली. महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोग १९९८ च्या कायद्यान्वये १९९९ मध्ये स्थापन झाला होता. २००३ च्या अधिनियमाच्या कलम ५० ने वीजपुरवठा संहिता तयार करण्याचे काम राज्य आयोगांकडे सोपविले. देयकांचा कालावधी, वसुली, पुरवठा तोडणे व पुन्हा जोडणे, मीटरशी होणारी छेडछाड हे विषय आता आयोगाच्या विनियमांचे झाले. महाराष्ट्रात अशी संहिता २००५ मध्ये लागू झाली व २०२१ मध्ये तिची जागा नव्या विनियमांनी घेतली. थकबाकीपोटी पुरवठा तोडण्यापूर्वी १९१० च्या कायद्याप्रमाणे सात दिवसांची सूचना पुरेशी होती. कलम ५६ ने ती पूर्ण पंधरा दिवसांची केली. अर्ज आल्यापासून एका महिन्यात पुरवठा देण्याचे कर्तव्य कलम ४३ ने घातले आणि ते न पाळल्यास दिवसागणिक एक हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. हे तपशील किरकोळ वाटतात. परंतु पुरवठ्याच्या अटी विक्रेत्याच्या कार्यालयातून सार्वजनिक सुनावणीच्या कक्षेत आल्या, हा त्यांचा ऐतिहासिक अर्थ आहे.

स्पर्धेसंबंधी या अधिनियमात दोन निरनिराळे मार्ग आहेत, आणि त्यांच्यातील भेद हाच पुढील साऱ्या वादाचे मूळ होय. कलम १४ च्या सहाव्या परंतुकाप्रमाणे एकाच क्षेत्रात दोन वा अधिक वितरक असू शकतात. पण त्यांनी ‘स्वतःच्या’ वितरणजाळ्यातून वीज द्यावयाची आहे. उलट कलम ४२ प्रमाणे ग्राहकास मुक्त प्रवेशाने, म्हणजे एकाच्या तारांवरून, दुसऱ्याची वीज घेता येते. त्यासाठी त्याने तारांच्या मालकास वहन आकार व क्रॉस-सबसिडीचा अधिभार द्यावयाचा असतो. पहिला मार्ग तारांची द्विरुक्ती करतो. दुसरा तारा एक ठेवून विक्री विभागतो.

मुंबईतील वाद या कायद्यापूर्वीच, २००२ मध्ये, सुरू झाला. टाटा कंपनी उपनगरांतील आपले ग्राहक ओढून घेत आहे, तिचा परवाना केवळ घाऊक विक्रीचा आहे, अशी उपनगरी कंपनीची तक्रार होती. आयोगाने २००३ मध्ये टाटांच्या किरकोळ विक्रीस मर्यादा घातली; विद्युत् अपील न्यायाधिकरणाने २००६ मध्ये टाटांच्या विरुद्ध अधिक कडक भूमिका घेतली. ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. १९०७, १९१९, १९२१ व १९५३ च्या परवान्यांचे वाचन करून, एक हजार केव्हीएहून कमी मागणीच्या ग्राहकांनाही थेट वीज विकण्याचा अधिकार टाटांस आहे, असे न्यायालयाने ठरविले. शंभर वर्षे व्यवहारात सुप्त राहिलेला हक्क अशा रीतीने जागा झाला.

परंतु हक्क मिळाला तरी तारा कोठे होत्या? उपनगरांत घरोघरी पोहोचलेले जाळे प्रतिस्पर्ध्याचे होते. ऑक्टोबर २००९ मध्ये आयोगाने उपनगरी कंपनीच्या, म्हणजे तेव्हाच्या रिलायन्सच्या, तारांवरूनच टाटांची वीज घेण्याची मुभा ग्राहकांस दिली. ग्राहकाच्या दारातील तार तीच राहिली. देयकावरील नाव बदलले. स्थलांतराचा ओघ सुरू झाला, आणि येथेच स्पर्धेचे दुसरे अंग उघडे पडले.

वीजदराच्या रचनेत जास्त वापर करणारे व व्यापारी ग्राहक अधिक दर देऊन अल्प वापराच्या घरगुती ग्राहकांचा भार अंशतः उचलतात. अधिक दर देणारा ग्राहक निघून गेला, तर त्याच्या वाट्याचा भार मागे राहिलेल्यांवर पडतो. म्हणून २०११ मध्ये स्थलांतरित ग्राहकांवर क्रॉस-सबसिडी अधिभार लागू झाला. ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगाने याहून पुढे जाऊन, टाटांनी दरमहा तीनशे युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या घरगुती ग्राहकांचेच नवे स्थलांतर स्वीकारावे व ठरावीक विभागांत स्वतःचे जाळे उभारावे, असा आदेश दिला. निवडीचे स्वातंत्र्य सर्वांस समान द्यावयाचे, तर ते काहींपुरते रोखावे लागते, असा विरोधाभास या आदेशात दिसतो. तथापि तो आयोगाच्या लहरीतून आलेला नाही; दरात सामाजिक न्याय आणि विक्रीत बाजार, असे दोन हेतू एकाच वेळी धरण्याचा तो अपरिहार्य परिणाम होय.

शहराच्या दक्षिण भागात प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. ‘बेस्ट’ हे स्थानिक प्राधिकरण असल्यामुळे त्याच्या तारा इतरांस खुल्या करण्याचे बंधन त्यावर नाही. मात्र त्या क्षेत्रातील परवानाधारक म्हणून टाटांनी मागणी करणाऱ्यास स्वतःचे जाळे टाकून वीज द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरविले. परिणामी माहीमच्या खाडीच्या अलीकडे स्पर्धा म्हणजे दुसरी तार, तर पलीकडे वांद्र्यास स्पर्धा म्हणजे त्याच तारेवरचा दुसरा विक्रेता, असे दोन अर्थ एकाच महानगरात, एकाच अधिनियमाखाली, नांदू लागले.

ब्रिटनशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. तेथे १९९० मध्ये एक मेगावॉटवरील, १९९४ मध्ये शंभर किलोवॉटवरील व १९९९ पर्यंत सर्व ग्राहकांस विक्रेत्याच्या निवडीचा हक्क टप्प्याटप्प्याने मिळाला. तेथे तारांचा धंदा व विजेची विक्री यांची फारकत करण्यात आली. भारतात हीच फारकत सुचविणारे विधेयक २०१४ च्या डिसेंबरात लोकसभेत आले; २०२२ च्या विधेयकाने एकाच जाळ्यावर अनेक वितरक, ही कल्पना मांडली. दोन्ही विधेयके आपापल्या लोकसभेच्या मुदतीत संमत झाली नाहीत.

या इतिहासातून एक निष्कर्ष काढावयास हरकत नाही. ग्राहकाचा निवडीचा हक्क कायद्याच्या प्रस्तावनेतील ‘स्पर्धा’ या शब्दाने सिद्ध होत नाही; तार कोणाची, भार कोणावर आणि पुरवठ्याचे कर्तव्य कोणाचे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी तो सिद्ध होतो. १९१० च्या विधिकर्त्यांनी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट दिले होते आणि पहिल्या दोहोंस जवळजवळ स्पर्श केला नव्हता. मुंबईच्या शतकभराच्या अनुभवाने ते दोन्ही प्रश्न ऐरणीवर आणले. पुढील कोणत्याही संहितेची परीक्षा महिना तीनशे युनिटांच्या आत दिवा लावणाऱ्या घरावरूनच व्हावी. त्या घरास खरी निवड मिळाली, आणि इतरांच्या निवडीचे ओझे त्याच्या देयकावर आले नाही, तरच स्पर्धा सार्थ झाली असे म्हणता येईल.