जुन्या बाजारातला प्रोजेक्टर आणि कोल्हापूरचा कॅमेरा

दिवाळी आटोपून धानाची कापणी उरकत आली की गडचिरोली जिल्ह्यातील वडसा-देसाईगंज येथून झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांची वाहने बाहेर पडू लागतात. होळीपर्यंत हा क्रम चालतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील गावोगावी मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्र-रात्र प्रयोग होतात. वाहनांत रंगमंचाच्या फळ्या असतात, दिवे असतात, ऑर्गन असतो आणि रंगवलेल्या पडद्यांच्या गुंडाळ्या असतात. करमणूक ही मुळात वाहून न्यायची वस्तू आहे, हे या भागाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

पडद्याचे एक बरे असते. राजवाडा असो की अरण्य, गुंडाळला की बांबूएवढा होतो. यंत्राचे तसे नाही. वडशावरून जाणारा गोंदिया–नागभीड–चांदा फोर्ट हा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अवघ्या २ फूट ६ इंच रुंदीचा होता. मोठ्या गाडीने आलेला जड माल गोंदियाला उतरवायचा, छोट्या डब्यांत पुन्हा चढवायचा आणि पुढे बैलगाडी शोधायची. वाटेत काच फुटली किंवा दाता तुटला, तर भरून देणारे कोणी नाही.

रंगवलेले पडदे आणि जड यंत्र या दोन्ही गोष्टी एकाच घरात एकत्र आल्या त्या महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, कोल्हापुरात. हा धागा त्या घराविषयी आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० सालचा. घराणे कारागिरांचे. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव आणि बाबूराव या दोघांनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवण्यात असे नाव मिळवले, की मेस्त्री हे आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हेच रूढ झाले. ज्या काळी प्रेक्षक पडदा उघडताच देखाव्याला टाळ्या देत, त्या काळातील हे यश आहे. हात चित्राचा आणि डोके सुताराचे, असा दुर्मीळ संयोग दोघांतही होता. पुढच्या सगळ्या घडामोडी या दुसऱ्या गुणावर उभ्या आहेत.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पेंटर बंधूंना त्याने झपाटले. परंतु फाळके यांनी जे केले ते करणे दोघांच्या आवाक्यात नव्हते. फाळके १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले होते आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि छपाईचे यंत्र यांची व्यवस्था करून परतले होते. कोल्हापूरच्या दोघा पडदे रंगवणाऱ्यांना विलायत परवडणारी नव्हती. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून वापरलेला प्रोजेक्टर घेतला.

आज एखादा हौशी तरुण व्हिडिओ गेमचे जुने, कपाटाएवढे यंत्र भंगारातून हुडकतो आणि चार मित्रांना हाताशी धरून टेम्पोत चढवतो. त्याला या खरेदीतील जोखीम लगेच कळेल. जुने यंत्र विकणारा त्याचा आजार सांगत नाही, आणि घरी नेऊन उघडल्याशिवाय तो कळतही नाही.

त्या काळचा प्रोजेक्टर म्हणजे लोखंडी बैठकीवर बसवलेली दोन भागांची मांडणी. मागे दिव्याची पेटी, पुढे फिल्म ओढणारे यंत्र आणि भिंग. जेथे वीज होती तेथे कार्बनच्या कांड्यांमधील ठिणगीचा प्रकाश वापरत. जेथे नव्हती तेथे चुन्याची कांडी ज्योतीत तापवून पांढराशुभ्र उजेड काढत. दिव्यासमोरची जाड भिंगे काचेची. फिल्म नायट्रेटची, म्हणजे ठिणगी पडताच भडकणारी. असे सामान मुंबईहून कोल्हापूरला रेल्वेने यायचे तर पुण्यापर्यंत ५ फूट ६ इंचांचा रुंद मार्ग, पुण्याहून मिरजेपर्यंत मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा एक मीटर रुंदीचा मार्ग, आणि मिरजेहून पुढे १८९१ साली सुरू झालेला कोल्हापूरचा फाटा. पुण्याला माल बदलणे अटळ. गोंदियाचीच अडचण, फक्त गावे वेगळी.

प्रोजेक्टर कोल्हापुरात आल्यावर दोघांनी त्यावर चित्रपट दाखवण्यास सुरुवात केली. व्यवसाय म्हणून ते ठीकच होते. पण खरा लाभ वेगळा होता. एकच चित्रपट रोज हाताने दांडी फिरवून दाखवणाऱ्या माणसाला त्यातील प्रत्येक दृश्य किती लांबीचे आहे, ते कोठे तुटते, प्रेक्षक कोठे कंटाळतात, हे पाठ होते. मूकपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर एका फुटात १६ चित्रे मावत, आणि सेकंदाला साधारण तेवढीच चित्रे सरकत. म्हणजे एक फूट म्हणजे एक सेकंद. लांबीचे असे गणित बोटांत भिनणे ही दिग्दर्शनाचीच शाळा होय. त्यासाठी दुसरी शाळा त्या वेळी देशात नव्हतीही.

यंत्राच्या पोटात शिकण्यासारखे आणखी एक होते. फिल्म सलग धावत असली तर पडद्यावर केवळ पुसट पट्टे दिसतील. चित्र दिसायचे तर प्रत्येक चौकटीने भिंगासमोर क्षणभर स्तब्ध उभे राहावे लागते, आणि मग झटक्यात पुढची चौकट यावी लागते. मधल्या झटक्याच्या वेळी फिरती पाकळी प्रकाश अडवते. सतत फिरणाऱ्या दांडीतून ही थांब-चाल निर्माण करणारा भाग, बहुधा फुलीच्या आकाराचे एक चाक, हे या यंत्राचे मर्म. ते ज्याला समजले त्याला कॅमेराही अर्धा समजला. कारण कॅमेऱ्यातही फिल्म अशीच थांबत-सरकत जाते. फरक एवढाच, की तेथे प्रकाश आतून बाहेर न जाता बाहेरून आत येतो.

‘एवढाच’ हा शब्द मात्र फसवा आहे. प्रोजेक्टरमध्ये चौकट केसभर हलली तर त्या खेळापुरते चित्र थरथरते. कॅमेऱ्यात ती हलली तर थरथर फिल्मवर कायमची उमटते, आणि मग जगातील उत्तमातील उत्तम प्रोजेक्टरही ती घालवू शकत नाही. शिवाय कॅमेऱ्याची पेटी पूर्ण अंधारी हवी. सांध्यातून शिरलेला उजेडाचा एक धागा दिवसभराचे काम काळे करतो. प्रोजेक्टर उलटा फिरवला की कॅमेरा होतो, असे सोपे वर्णन कधीकधी वाचायला मिळते. तसे असते तर पेंटर बंधूंची पाच वर्षे गेली नसती.

आनंदरावांनी कॅमेरा जुळवायला घेतला होता. तो पुरा होण्याआधीच १९१६ साली त्यांचे निधन झाले. दोघांच्या जोडीतील यंत्राकडे अधिक ओढ असलेला माणूस गेला. मागे राहिले अर्धवट जुळवलेले सुटे भाग आणि चित्रकार भाऊ. बाबूरावांनी येथे हे काम सोडले असते तर त्यांना दोष देता आला नसता. पडद्यांच्या कामावर त्यांचे उत्तम चालले असते. त्यांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेतले आणि १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा तयार झाला.

पैसा आला तो तानीबाई कागलकर या कोल्हापूरच्या गायिकेकडून. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या इतिहासात हे नाव अनेकदा एका ओळीत उरकले जाते, हे अन्यायाचे आहे. ज्या धंद्यात सावकार हात घालायला धजत नव्हते, त्यात एका स्त्री-कलावंताने आपली कमाई लावली.

या कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन सिनेमात झळकला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या; ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती पुरुषाने साकारली होती, हे लक्षात घेतले तर सात वर्षांतील अंतर कळते. भीमाने केलेला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये हीच कंपनी पुराणातून बाहेर पडून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या दारात पोहोचली.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे चौघे बाहेर पडले आणि त्यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूरावांच्या दृष्टीने हा घाव मोठा होता. दोन-तीन वर्षांतच चित्रपट बोलू लागले आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र नावाची नवी, अनोळखी, महागडी पेटी प्रभातच्या दारात आली. तिची जबाबदारी दामले यांनी घेतली.