चंद्राच्या वाटेवरचं चोखंदळ गिऱ्हाईक

२३ ऑगस्ट २०२३ची संध्याकाळ बहुतेकांच्या लक्षात असेल. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर पेढे आले. पेढ्यांपाठोपाठ वादही आला. एक आजोबा म्हणाले, ‘‘आनंद आहेच हो, पण एवढा पैसा आभाळात घालून आपल्या पदरात काय पडतं?’’ त्यावर शेजारचे काका म्हणाले, ‘‘वा! तुमच्या घरातला नॉनस्टिक तवा कुठून आला मग? अंतराळ संशोधनातूनच की!’’ तेवढ्यात कॉलेजात जाणाऱ्या एका मुलानं खिशातून फोन काढला आणि सांगितलं, ‘‘माणूस चंद्रावर उतरला तेव्हा यानात जो संगणक होता, त्याच्यापेक्षा हा फोन लाखपट ताकदवान आहे. खरी प्रगती बाजारानं केली, अंतराळवाल्यांनी नाही.’’

हा वाद तुम्हीही कुठे ना कुठे ऐकला असेल. गाडीत, ऑफिसच्या डब्याच्या वेळी, लग्नाच्या पंगतीत. तो ऐकताना मला नेहमी वाटतं, की तिघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे, पण खरी गोष्ट त्या तिघांच्या मधून निसटून जाते. आज ती गोष्ट सांगायची आहे.

आधी तव्याचा निकाल लावू. तव्यावरचं टेफ्लॉन हे १९३८ साली रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनतज्ज्ञाच्या हाती लागलं, तेही शीतकपाटासाठी लागणाऱ्या वायूंवर काम करताना. फ्रान्समध्ये असे तवे १९५०च्या दशकात विकले जात होते. ‘नासा’ ही संस्था स्थापन झाली १९५८ साली. लहान मुलांच्या बुटाला चर्र आवाज करत उघडणारी पट्टी असते ना, ती वेल्क्रोची पट्टीही अंतराळातून आलेली नाही. जॉर्ज द मेस्त्राल हा स्विस इंजिनिअर रानातून फिरून आला, तेव्हा कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी फळं चिकटली होती. ती कशी चिकटतात हे त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. अंतराळवीरांनी ही पट्टी वापरली आणि ती प्रसिद्ध झाली, एवढंच. तेव्हा तवा काकांना परत.

आता फोन. आकडे त्या मुलाच्या बाजूनं आहेत. अपोलो यानातल्या मार्गदर्शक संगणकाची कामचलाऊ स्मृती होती २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबात चार किलोबाइट. चार गिगाबाइट रॅमचा साधा फोन घेतला, तरी तो या बाबतीत दहा लाखपट मोठा. मुलगा लाखपट म्हणाला, तो उलट कमीच बोलला.

पण त्या काळात जाऊन बघा. आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा भारतीय बनावटीचा संगणक कामाला लागला. त्याचीही स्मृती २,०४८ शब्दांचीच होती, फक्त त्याचे शब्द लांब होते. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्या सगळ्या संसाराला भली मोठी खोली लागे. जगभर संगणक म्हटलं की साधारण असंच चित्र होतं. आणि १९६१च्या मे महिन्यात अध्यक्ष केनेडी जाहीर करतात, की दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवायचा! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या एका प्रयोगशाळेला मार्गदर्शन यंत्रणेचं काम मिळालं. अपोलोचं पहिलं मोठं कंत्राट ते हेच. रॉकेटचं नव्हे, यानाचं नव्हे, वाट दाखवणाऱ्या यंत्रणेचं! खोलीभर पसरणारं यंत्र तिथे एका पेटीत बसवायचं होतं.

हे कसं जमणार? तीन वर्षांपूर्वी, १९५८ साली, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बी यांनी आणि पुढच्या वर्षी फेअरचाइल्ड कंपनीत रॉबर्ट नॉइस यांनी एक नवी कल्पना मांडली होती. वेगवेगळे ट्रान्झिस्टर तारांनी जोडत बसण्याऐवजी सगळा विद्युत मंडल एकाच तुकड्यावर घडवायचा. त्यालाच आपण आज चिप म्हणतो. कल्पना सुंदर होती, पण ती घ्यायला कोणी तयार नव्हतं. ट्रान्झिस्टर स्वस्त होते, ओळखीचे होते. चिप महाग, नवखी, आणि किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही. बाजार अशा वस्तूकडे पाठ फिरवतो, आणि त्यात त्याचं चुकतं असंही नाही. घरच्या रेडिओसाठी कोण पन्नास डॉलरचा तुकडा घेईल?

अपोलो संगणकाचे रचनाकार एल्डन हॉल यांनी १९६२ साली ‘नासा’ला पटवून दिलं, की हा संगणक चिपांचाच करायचा. केवढा धोका होता पाहा! माणसांचे जीव अशा वस्तूवर टांगायचे, जी जगात कोणी नीट वापरलेली नाही. पण हॉल यांच्या चमूनं दोन गोष्टी केल्या. पहिली, दहा प्रकारच्या चिपा घेण्याऐवजी एकाच साध्या प्रकारच्या चिपेवर सगळा संगणक उभा केला. पुढच्या आवृत्तीत अशा सुमारे २,८०० चिपा बसवल्या. कारखान्याला एकच वस्तू हजारोंनी करायची असली, की हात बसतो. दुसरी गोष्ट, त्यांनी तपासणी भलतीच कडक ठेवली. चिपा तापवायच्या, हलवायच्या, चालवून बघायच्या, आणि एखाद्या घाणीतल्या ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त चिपा नापास झाल्या, तर आख्खा घाणा परत पाठवायचा.

आपल्याकडे म्हणतात, चोखंदळ गिऱ्हाईक दुकानदाराला शहाणं करतं. इथे तेच झालं. १९६३ साली अमेरिकेत तयार होणाऱ्या चिपांपैकी सुमारे ६० टक्के एकट्या अपोलोच्या कामाला लागत होत्या, असं इतिहासकार सांगतात. माल का खराब होतो हे कारखान्यांना शोधावं लागलं, धुळीचा कण कुठून येतो इथपर्यंत. १९६२ साली एका चिपेची सरासरी किंमत होती ५० डॉलर. १९६८ साली ती अडीच डॉलरच्याही खाली आली. १९६२ साली अमेरिकेतल्या सगळ्या चिपा सरकारी कामांसाठीच जात होत्या, १९६८ साली तो वाटा ३७ टक्क्यांवर आला. म्हणजे उरलेलं गिऱ्हाईक तोवर बाजारानं दिलं होतं.

याचं सगळं श्रेय चंद्राला देणं मात्र बरोबर होणार नाही. मिनिटमन-२ या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रासाठीही अमेरिकी हवाई दल हजारो चिपा विकत घेत होतं. आपल्या हातातल्या वस्तूच्या कुंडलीत चंद्र आहे तसं क्षेपणास्त्रही आहे.

या संगणकाचं आणखी एक अंग मला फार लोभस वाटतं. त्याचा कायमचा प्रोग्रॅम अक्षरशः विणलेला होता. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका बसून लहान लहान चुंबकीय कड्यांतून तांब्याची तार ओवत असत. तार कडीतून गेली तर एक, कडीबाहेरून गेली तर शून्य. पैठणीचा मोर जसा ताण्याबाण्यात असतो, तसा चंद्राचा रस्ता त्या विणीत होता. एखादी चूक सापडली, तर उसवून पुन्हा विणायला आठवडे जात. साहजिकच प्रोग्रॅम लिहिणारी माणसं, त्यात मार्गारेट हॅमिल्टन यांचा चमू आला, प्रत्येक ओळ दहादा तपासून मगच विणायला देत. आपल्या फोनवर दर पंधरा दिवसांनी दुरुस्तीचा निरोप येतो, त्याची इथे आठवण होते.

आता २० जुलै १९६९. आपल्या घड्याळानं २१ तारीख लागली होती, रात्रीचे पावणेदोन वाजत आले होते. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्राकडे उतरत होते. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर संगणकानं इशारा दिला, १२०२. दोघांनाही त्याचा अर्थ माहीत नव्हता. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात निर्णय होता २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्स यांच्याकडे, आणि मागच्या खोलीत त्यांच्या मदतीला होते २४ वर्षांचे जॅक गार्मन. गंमत म्हणजे उड्डाणाच्या काही दिवस आधीच सरावात असाच एक इशारा आला होता आणि बेल्स यांनी घाबरून मोहीम सोडायला सांगितली होती. ते चुकलं होतं. त्यानंतर गार्मन यांनी सगळ्या इशाऱ्यांची यादी स्वतःच्या हातानं लिहून टेबलावर ठेवली होती. काही सेकंदांत उत्तर गेलं, पुढे चला.

झालं होतं असं, की त्या क्षणी नको असलेल्या एका रडारकडून संगणकाला सारखे संकेत येत होते. त्याच्यावर झेपणार नाही एवढं काम पडलं. आपला फोन अशा वेळी गोठतो. हा संगणक गोठला नाही. त्यानं बिनमहत्त्वाची कामं टाकून दिली, क्षणात स्वतःला पुन्हा सुरू केलं आणि यान सावरण्याचं काम जिथे होतं तिथून पुढे उचललं. उतरेपर्यंत असे पाच इशारे आले. पाचही वेळा तो सावरला. चार किलोबाइटच्या त्या यंत्राची ताकद इथे होती. काय सोडायचं हे त्याला शिकवलेलं होतं.

मग ही विद्या घरात कशी आली? अपोलोचं मुख्य यान बांधणाऱ्या नॉर्थ अमेरिकन रॉकवेल कंपनीचा एक विभाग चिपाही करत असे. जपानची शार्प कंपनी त्यांच्याकडे गेली आणि चंद्रावर माणूस उतरला त्याच वर्षी, १९६९ साली, या अमेरिकी चिपांवर चालणारं टेबलावरचं गणकयंत्र तिनं बाजारात आणलं. किंमत एक लाख येनच्या आत. बुसिकॉम या दुसऱ्या जपानी कंपनीनं तिच्या गणकयंत्रासाठी नॉइस यांच्या नव्या इंटेल कंपनीकडे चिपा मागितल्या, आणि त्यातून १९७१ साली ४००४ हा मायक्रोप्रोसेसर जन्मला. घरगुती संगणक आणि खिशातला फोन हा त्याच वंशाचा विस्तार आहे.

पुढे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होत राहिली. फोनच्या कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा तुकडा पाहा. १९९०च्या दशकात ‘नासा’च्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांचे सहकारी यानांसाठी लहान, कमी वीज खाणारे कॅमेरे शोधत होते, त्यातून तो घडला. उलट मंगळावर २०२१ साली उडालेल्या ‘इन्जेन्युइटी’ या इवल्या हेलिकॉप्टरमध्ये चक्क फोनसाठी बनवलेला स्नॅपड्रॅगन ८०१ प्रोसेसर होता. पाच उड्डाणांसाठी पाठवलेलं ते यंत्र जानेवारी २०२४ पर्यंत ७२ वेळा उडालं. मात्र त्याला घेऊन गेलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीचा मुख्य संगणक आहे १९९०च्या दशकातल्या रचनेचा, किरणोत्सर्गाला टिकेल असा घडवलेला. जे गमावून चालेल तिथे बाजारातली वस्तू, जे गमावून चालणार नाही तिथे कसोटीला उतरलेली जुनी.

आता आजोबांचा प्रश्न. तो नवा नाही आणि हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. १५ जुलै १९६९ रोजी, अपोलो-११च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, राल्फ अ‍ॅबरनथी हे कृष्णवर्णीय नेते गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन केप केनेडीला धडकले. देशात मुलं उपाशी असताना चंद्र कशाला, असं ते विचारत होते. ‘नासा’चे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटले. बटण न दाबल्यानं गरिबी हटणार असेल, तर आम्ही ते दाबणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले. बोलणं सज्जनपणाचं होतं, पण त्यानं कोणाचं पोट भरलं नाही. चिप स्वस्त झाली म्हणून तो प्रश्न मिटला, असं मी म्हणणार नाही. फोनच हवा होता तर फोनवर खर्च करणं सरळ झालं असतं.

मला वाटतं ते एवढंच, की वस्तू स्वस्त करायला बाजार समर्थ आहे, पण जी अजून कोणालाच नको आहे, महाग आहे, बेभरवशाची आहे, तिच्यासाठी दारात उभं राहणारं एखादं गिऱ्हाईक लागतं. थांबायला तयार असलेलं आणि खराब माल निर्धास्तपणे परत करणारं. ते काम समाजानं, सरकारनं करायचं असतं. चंद्रासाठी ते झालं. तेवढ्याच कडक कसोटीनं आपण पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचं, खेड्यातल्या दवाखान्यातल्या उपकरणाचं गिऱ्हाईक झालो, तर? आजोबांना खरं म्हणजे हेच विचारायचं असावं.

त्या संध्याकाळी वाद मिटला नाही. पेढे संपले, अंधार पडला. तो मुलगा फोनवर चंद्राचा फोटो काढायची खटपट करत होता, आणि आजोबा त्याच्या खांद्यावरून डोकावत होते.